पायाखालचा गव्हर्नर

'गाडी ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी बजाजच्या स्कूटरवरून उचलून सामानाबरोबर अमेरिकेत आणला. किलोमीटरचे मैल झाले, लिटरचे गॅलन झाले, पण प्रश्न तोच राहिला. मंडळाच्या गणपतीत जेवणे आटोपली आणि चार जण कोपऱ्यात जमले, की घराचे व्याजदर आणि मुलांची कॉलेजे यांच्या पाठोपाठ हा विषय निघतोच. त्यातला नेहमीचा एक पोटवाद असा : हायवेवर क्रूझ कंट्रोल लावला तर गॅस जास्त वाचतो, की स्पीड लिमिटर लावला तर? दोन्ही बाजूंना ठाम मते असतात आणि दोन्ही बाजूंना इंजिनिअर असतात, त्यामुळे वाद मिटत नाही. या वादाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की मूळ प्रश्न जरा वेगळाच दिसू लागतो.

प्रथम दोन्ही यंत्रांची ओळख करून घेऊ. क्रूझ कंट्रोलला आपण एक आकडा देतो आणि पाय काढून घेतो. चढ लागला की तो इंजिनाला जास्त गॅस पाजतो, उतार लागला की हात आखडतो. स्पीड लिमिटरमध्ये पाय पेडलवरच राहतो. ठरवलेल्या आकड्याच्या खाली गाडी पूर्णपणे आपल्या ताब्यात असते, मात्र त्या आकड्याच्या वर पेडल दाबूनही ती जात नाही. पहिले यंत्र वेग राखते, दुसरे वेग अडवते. एस.टी.चे ड्रायव्हर ज्याला 'स्पीड लॉक' म्हणतात ते हे दुसरे.

दोघांचा मूळपुरुष एकच, आणि त्याचे नाव गव्हर्नर. (हा राजभवनात राहणारा नव्हे.) युरोपात पवनचक्क्यांवर धान्य दळले जाई. वारा वाढला की जाते जोरात फिरे, आणि दोन तळ्यांमधले अंतर बिघडून पीठ जाडेभरडे पडे. यावर गिरणीवाल्यांनी एक साधी युक्ती केली. फिरत्या दांड्याला दोन जड गोळे लटकवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, आणि त्यांना जोडलेला दांडा तळ्यांमधले अंतर आपोआप सांभाळी. जेम्स वॉटने १७८८ साली हीच कल्पना वाफेच्या इंजिनाला जोडली. वेग वाढला की गोळे वाफेची झडप थोडी मिटवीत, आणि कमी झाला की उघडीत. आपल्यापैकी जे खेड्यात वाढले त्यांनी हा गव्हर्नर पाहिला नसला तरी ऐकला नक्कीच असेल. विहिरीवरचे किर्लोस्करांचे किंवा साताऱ्याच्या कूपरचे तेलइंजिन पट्टा चढवल्याबरोबर क्षणभर दबते, मग आवाज भारी होतो आणि पुन्हा लय धरते. ती लय धरून देणारा तो गव्हर्नर. पुढे १८६८ साली मॅक्सवेलने या गोळ्यांचे गणित मांडले : गव्हर्नर केव्हा स्थिरावतो, आणि केव्हा झोके खात राहतो. आज आम्ही इंजिनिअर ज्याला कंट्रोल थिअरी म्हणतो तिच्या मुळाशी हा निबंध आहे.

गिरणीवाल्याला आणि शेतकऱ्याला एकच वेग हवा असतो, कारण त्यावर त्याचे पीठ आणि पाणी अवलंबून असते. मोटारीचे तसे नाही. मोटारीतल्या माणसाला वेग बदलायचा असतो. मग हा गव्हर्नर मोटारीत आणला कोणी, आणि कशासाठी?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पीअरलेससारख्या काही मोटार कंपन्यांनी गाडीत गोळ्यांचा गव्हर्नर बसवून चढावर आणि उतारावर एकच वेग राखण्याची जाहिरात केली. ती फारशी चालली नाही. दुसरा प्रयत्न मात्र गाडी चालवणाऱ्यांनी केलाच नाही, त्यांच्यापासून जीव वाचवू पाहणाऱ्यांनी केला. ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात १९२३ साली बेचाळीस हजारांवर नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागणी अशी, की शहरातल्या प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांवर जाऊच न देणारा गव्हर्नर सक्तीने बसवावा. त्या काळी रस्त्यांवर, विशेषतः लहान मुलांचे, मृत्यू भयानक संख्येने होत होते. मोटारविक्रेते आणि मोटारक्लब यांनी जोरदार विरोधी प्रचार केला, आणि नोव्हेंबरातल्या मतदानात प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. स्पीड लिमिटरचा हा पहिला मोठा पराभव.

यानंतर गोष्टीत येतो राल्फ टीटर. इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउन या लहान गावात १८९० साली त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना चाकूने डोळ्याला इजा झाली आणि लवकरच दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरीही तो यंत्रांत रमला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ साली त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात विनाशिकांच्या टर्बाइनचे रोटर संतुलित करण्याचे अवघड काम त्याने आपल्या बोटांच्या जाणिवेवर तडीस नेले. पुढे तो पिस्टन रिंगा बनवणाऱ्या परफेक्ट सर्कल कंपनीचा प्रमुख झाला, आणि १९३६ साली अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचा, एस.ए.ई.चा, अध्यक्षही. हा माणूस आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसला. असे सांगतात, की त्याचा एक वकील स्नेही गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी. डोळस माणसाला हे कदाचित जाणवलेही नसते. टीटरला मात्र प्रत्येक धक्का अंगावर जाणवे, आणि तो वैतागे.

याच सुमारास दुसरे महायुद्ध आले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्याने अमेरिकेला रबर मिळेना. टायर वाचावेत म्हणून १९४२ साली सरकारने देशभर ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली. वेग कमी केल्याने वस्तू वाचतात, हा धडा एका सबंध राष्ट्राने तेव्हा गिरवला.

टीटरला १९५० साली पेटंट मिळाले. त्याचे शीर्षक फार बोलके आहे. त्यात 'क्रूझ' हा शब्द नाही, 'वेग राखणे' नाही. ते आहे 'ॲक्सिलरेटर दाबण्याला विरोध करणारे वेगनियंत्रण साधन'. ड्रायव्हरने आकडा ठरवायचा, आणि त्या वेगाला पोचल्यावर पेडलने पायाला उलट रेटा द्यायचा. पाय म्हणतो पुढे, पेडल म्हणते पुरे. म्हणजे ज्याला आपण क्रूझ कंट्रोलचा जनक म्हणतो त्याचे पहिले यंत्र स्वभावाने लिमिटरच्या जवळचे होते. पेडल त्या जागी धरून ठेवण्याची सोय मागाहून आली.

क्रायस्लरने १९५८ साली इम्पिरियल आणि इतर महागड्या गाड्यांत हे साधन 'ऑटो-पायलट' नावाने दिले तेव्हा त्यात दोन्ही गुण होते : हवे तर पेडलच्या रेट्याने नुसती सूचना, हवे तर वेग बांधून पायाला विश्रांती. पुढल्याच वर्षी कॅडिलॅकने त्याला 'क्रूझ कंट्रोल' असे नाव दिले आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसले. नावाबरोबर अर्थही बदलला. शेजारच्या सीटवरून आलेली 'जरा आवर' ही विनंती ड्रायव्हरच्या आरामाची वस्तू होऊन बाजारात गेली. अडवणारा गुण मागे पडला, राखणारा पुढे आला.

मग ऑक्टोबर १९७३ उजाडला. अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि गॅस स्टेशनांवर रांगा लागल्या. अध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी ज्या कायद्यावर सही केली त्याने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. आपल्यातले जे सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे आले त्यांना ती चांगली आठवत असेल. पश्चिमेकडच्या सरळ, ओसाड रस्त्यांवर ५५ने जाणे ही शिक्षाच होती. सप्टेंबर १९७९ पासून काही वर्षे सरकारने स्पीडोमीटरवर ८५च्या पुढचे आकडे छापायलाही बंदी केली. गाडी त्यापुढे जात होती, नुसता आकडा दिसत नव्हता. याच वर्षांत गॅस वाचवणारे साधन म्हणून क्रूझ कंट्रोलची विक्री वाढली. १९८७ साली गावाबाहेरच्या इंटरस्टेटवर ६५ची मुभा मिळाली, आणि १९९५च्या अखेरीस केंद्राची मर्यादा पूर्णपणे उठली. त्या कायद्याने एकूण इंधनाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त वाचले नाही, असेच बहुतेक अंदाज सांगतात. लोकांनी तो फारसा पाळला नाही, आणि बरेचसे ड्रायव्हिंग हायवेवर होतही नाही.

म्हणजे वेग कमी केल्याने गॅस वाचत नाही का? वाचतो, आणि भरपूर वाचतो. जरा हिशेब मांडू.

दीड हजार किलोची मध्यम सेडान घ्या. सपाट रस्त्यावर ताशी ६० मैलांना तिला होणाऱ्या एकूण विरोधापैकी सुमारे दोन-तृतीयांश हवेचा असतो आणि बाकीचा मुख्यतः टायरांचा. टायरांचा विरोध वेगाने फारसा बदलत नाही, पण हवेचा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५ वरून ५५ वर आलो तर हवेचा विरोध २८ टक्क्यांनी घटतो आणि एकूण विरोध जवळजवळ एक-पंचमांशाने. इंजिन हलक्या भाराला थोडे कमी कार्यक्षम चालते, म्हणून प्रत्यक्षात पंधरा टक्क्यांच्या आसपास बचत धरू.

आता दुसरी बाजू पाहू. एक ड्रायव्हर अचूक ६०ने जातो. दुसऱ्याचा पाय चंचल आहे, तो अर्धा वेळ ५५ने आणि अर्धा वेळ ६५ने जातो. सरासरी दोघांची सारखीच. चंचल पायाला हवेसाठी जेमतेम दोन टक्के जास्त काम पडते, आणि एकूण हिशेबात एक टक्क्याहून थोडे जास्त. मात्र तो वेग कमी करण्यासाठी ब्रेक वापरत असेल तर हिशेब बदलतो. ६५ वरून ५५ वर येण्यासाठी एकदा ब्रेक दाबला, की सुमारे १८० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती परत मिळवायला साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे चहाचे चार चमचे. गॅलनला तीस मैल देणाऱ्या गाडीत दर पाच मैलांना एकदा असे झाले, तर तीन टक्के गॅस ब्रेकने खाल्ला.

यातून निष्कर्ष सरळ निघतो. वेग स्थिर ठेवल्याने एखाददोन टक्के, फार तर चार टक्के वाचतात. आकडा दहाने खाली आणला तर पंधरा टक्के वाचतात. ६५ला लावलेला लिमिटर ७०ला लावलेल्या क्रूझ कंट्रोलला सहज हरवतो. दोन्ही ६५ला लावले, तर लिमिटरवाला अधूनमधून ६५च्या खाली येतो म्हणून किंचित पुढे राहील, पण पाय धसमुसळा असेल तर तोच मागे पडेल. खरी कमाई आकड्याची आहे, यंत्राचे काम उन्नीस-बीस.

चढउताराच्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. साधा क्रूझ कंट्रोल भोळा असतो, त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. चढावर वेग दोन मैलांनी घसरला तरी तो इंजिनाला पिळतो, आणि माथ्यावर पोचेपर्यंत जोर लावून लगेच उतारावर सोडून देतो. मुरलेला ट्रक ड्रायव्हर चढावर वेग थोडा पडू देतो आणि उतारावर तो फुकटात परत मिळवतो. ही अक्कल यंत्रात येण्यासाठी जीपीएस आणि चढउतारांचे नकाशे यावे लागले. फ्रेटलायनरने २००९ साली आणि युरोपात मर्सिडीजने २०१२ साली ट्रकमध्ये असा पुढचे पाहणारा क्रूझ कंट्रोल आणला.

ट्रकांच्या दुनियेत मात्र लिमिटर जिंकला. युरोपीय समुदायाने १९९२ साली नियम केला, की बारा टनांवरच्या ट्रकना ताशी ९० किलोमीटरचा आणि मोठ्या बसना १००चा लिमिटर हवा. पुढे तो लहान ट्रकनाही लागू झाला. (तिथे ९०ला बांधलेला एक ट्रक ८९ने जाणाऱ्या दुसऱ्याला मैलोन्‌मैल ओलांडत राहतो. जर्मन लोक याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात.) कॅनडातल्या ओंटारिओ आणि क्वेबेक प्रांतांनी २००९ साली ट्रकना ताशी १०५ किलोमीटरची मर्यादा घातली. भारत सरकारने २०१५ साली बहुतेक नव्या व्यावसायिक वाहनांना ताशी ८०चा गव्हर्नर सक्तीचा केला. अमेरिकेत केंद्राने २०१६ साली अवजड वाहनांसाठी असा प्रस्ताव मांडला, तो नऊ वर्षे रेंगाळला आणि २०२५ साली मागे घेतला गेला. पण इथल्या अनेक मोठ्या ट्रक कंपन्यांनी कायद्याची वाट न पाहता आपले ट्रक स्वतःच बांधून टाकले आहेत.

ट्रकला चालते ते मोटारीला का चालत नाही? पुन्हा हिशेब. ट्रकवाल्यांचा ठोकताळा असा, की ५५च्या वर दर एक मैल वेगाला गॅलनमागे दशांश मैल जातो. वर्षाला लाख मैल धावणारा, गॅलनला साडेसहा मैल देणारा ट्रक ७० वरून ६५ वर आणला, तर वर्षाला सुमारे ११०० गॅलन डिझेल वाचते. हजार ट्रक असतील तर अकरा लाख गॅलन. कंपनीच्या मालकाला हा आकडा रात्री झोपेत दिसतो. आता तुमचीआमची तीनशे मैलांची सफर घ्या. ७० ऐवजी ६०ने गेलात तर साधारण दीड गॅलन वाचेल आणि ४३ मिनिटे जास्त लागतील. मागे मुले 'किती राहिलं?' म्हणून विचारत असताना दीड गॅलनसाठी ४३ मिनिटे मोजणारा माणूस विरळा. तो अडाणी आहे म्हणून नव्हे, त्याचा हिशेब बरोबर आहे म्हणूनच. एकट्या ड्रायव्हरच्या वहीत ही बचत किरकोळ दिसते. कंपनीच्या, राष्ट्राच्या किंवा हवेच्या वहीत तीच बचत डोंगराएवढी होते, पण ती वही ड्रायव्हरच्या हातात नसते.

आता मागे वळून पाहा. सिनसिनाटीतल्या सह्या रस्त्यावर चालणाऱ्यांच्या होत्या. टीटर कधी स्टिअरिंगमागे बसला नाही. १९४२चे रबर आणि १९७४चे तेल ही सरकारची चिंता होती. ट्रकची किल्ली ड्रायव्हरकडे, पण डिझेलचे बिल मालकाकडे. फोर्डने २०१० सालच्या मॉडेलपासून 'मायकी' नावाची एक किल्ली दिली. तिच्यामुळे मुलाच्या हातातली गाडी ताशी ८० मैलांवर जात नाही. ती किल्ली विकत घेतली आईवडिलांनी, सोळा वर्षांच्या मुलाने नव्हे. कमी वेगाचा आकडा दर वेळी स्टिअरिंग न धरणाऱ्याने मागितला. आणि स्टिअरिंग धरणाऱ्याने, संधी मिळाली की, त्याचा क्रूझ कंट्रोल केला.

म्हणून कोपऱ्यातल्या वादाला माझे उत्तर असे. गॅस लिमिटरने वाचतो, पण आकडा लावणारा हात गॅसचे बिल भरणारा असेल तरच. तोच हात गाडी चालवणाराही असेल तर तो आकडा हळूहळू वर सरकतो, मग डॅशबोर्डवर बटण कोणतेही असो.

यात एक खरी पंचाईत आहे, आणि ती आपल्या पिढीत सुटेल असे दिसत नाही. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्याची मर्यादा ओळखून ड्रायव्हरला जाणीव करून देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा जागी होते. जाणीव करून देण्याच्या मान्य पद्धतींत एक अशी आहे, की मर्यादा ओलांडली की पेडलनेच पायाला उलट रेटा द्यायचा. म्हणजे टीटरचे मूळ पेटंट सत्तर वर्षांनी परत आले, फक्त आकडा आता ड्रायव्हर लावत नाही. लेकरू रस्त्यावर असलेल्या आईला हे योग्यच वाटेल. स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेल्या माणसाला ही आपल्या पायावर बसवलेली पाळत वाटेल. मला दोघांचेही पटते. आणि आपण सगळेच आयुष्यात आलटून पालटून दोन्ही सीटवर बसत असतो, हेही विसरून चालणार नाही.

सरकारचा रेटा पायाला लागण्याआधी एक घरगुती प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पुढच्या लांबच्या प्रवासाला क्रूझ कंट्रोलचा आकडा गाडी चालवणाऱ्याने लावूच नये. तो शेजारी बसलेल्या माणसाला विचारावा, आणि जो सांगितला जाईल तो मुकाट्याने लावावा.